चालीमागचे कारण : विश्लेषित डावांतून बुद्धिबळ शिकण्याचा प्रश्न

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून गुकेश जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या घडणीतली एक गोष्ट पुन्हा चर्चेत आली. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला कितीतरी काळ इंजिनला हात लावू दिला नव्हता. रेटिंग २५००च्या आसपास पोहोचेपर्यंत हा मुलगा डावांचे विश्लेषण स्वतःच्या डोक्याने करत होता. खिशातल्या फोनवर जगज्जेत्यापेक्षा बलवान यंत्र फुकट मिळण्याच्या काळातली ही गोष्ट आहे. प्रत्येक मुलाला हाच नियम लावावा असे मी म्हणणार नाही, पण त्यातून बुद्धिबळ-शिक्षणातला मूळ प्रश्न नेमका समोर येतो. उत्तम चाल कोणती हे कळणे आणि ती उत्तम का आहे हे कळणे यांत अंतर आहे. शिकायचे असते ते दुसरे, आणि ते शिकवणारे सर्वांत जुने साधन म्हणजे जाणकाराने कारणांसह उलगडून दाखवलेला डाव.

ओपनिंगच्या बाबतीत हे अंतर फार बोचते. तालुक्याच्या स्पर्धेत कोणत्याही पटाजवळ उभे राहा. दहा-बारा वर्षांची मुले पहिल्या आठ-दहा चाली अशा झपाट्याने खेळतात की पाहणारा थक्क व्हावा. मग समोरचा एखादी ‘पुस्तकात नसलेली’ चाल खेळतो आणि मूल थबकते. ती चाल चांगली असते म्हणून नव्हे. आपली पाठ केलेली चाल कशासाठी होती हेच ठाऊक नसल्यामुळे तिच्यातला दोष शोधायचा कुठे, हे त्याला सुचत नाही. अशा मुलाला आणखी पाच चाली पाठ करायला सांगणे म्हणजे पुढच्या वेळी त्याला पाच चाली उशिरा थबकायला लावणे. ओपनिंग पहिल्या चालीपासून अखेरच्या चालीपर्यंतच्या अख्ख्या डावातून शिकावी, आणि तीही ज्याने त्या मोहऱ्यांशी झुंज घेतली आहे अशा माणसाच्या तोंडून, असे माझे मत आहे. ते का, आणि त्याला मर्यादा कोणत्या, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतल्या कालाब्रियाचा जोआक्किनो ग्रेको आपल्या आश्रयदात्यांना हस्तलिखिते लिहून देत असे. त्यांत छोटे, चटकदार डाव असत. हे डाव बहुधा खेळलेले नसून रचलेले होते, आणि त्यांत एक बाजू चूक करून सापळ्यात सापडे. शिकवण्याचे साधन म्हणून डाव वापरण्याची ही सुरुवात होती, पण तिथे मिळत होती ती युक्ती. योजना आली १७४९ मध्ये, फिलिदोरच्या पुस्तकातून. त्या वेळी तो अवघा बावीस वर्षांचा होता. फिलिदोरनेही डाव रचूनच दिले, पण चालींच्या खाली टिपा लिहिल्या : हे प्यादे आता का पुढे सरकायचे, ती अदलाबदल का टाळायची, या मोहऱ्याला वाट कशी मोकळी होईल. प्यादी हा डावाचा प्राण आहे हे त्याचे म्हणणे सर्वांच्या तोंडी बसले. माझ्या लेखी त्याचे मोठे काम वेगळे आहे. सुरुवातीला उभी केलेली प्याद्यांची फळी वीस चालींनंतरच्या डावाला आकार देते, हे त्याने एकाच डावाच्या पोटात दाखवून दिले. ओपनिंग आणि डावपेच हे दोन विषय नाहीत हा धडा तिथे पहिल्यांदा लिहिला गेला.

आपल्याकडचा एक धागा इथे नोंदवायला हवा. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक मूळ संस्कृतातून इंग्रजीत छापले गेले. युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेल्या निवडक, कठीण स्थिती त्यात होत्या, आणि शिकणाऱ्याची प्रगती व स्मरणशक्तीचा व्यायाम हा त्यांचा उघड हेतू होता. म्हणजे ज्या काळात आपल्याकडे प्याद्याला दोन घरे उडी मारण्याची मुभा सर्रास नव्हती, त्या काळातही स्थिती मांडून शिकवण्याची परंपरा इथे होती आणि तिने नव्या नियमांशी जुळवूनही घेतले. मात्र ती स्थितींची परंपरा होती. सलग डावावर टिपा लिहिण्याची रीत आपल्याकडे युरोपातून आली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टाइनिट्झने या टिपांना शिस्त लावली. लंडनच्या ‘द फील्ड’ मधल्या सदरात आणि पुढे स्वतःच्या मासिकात त्याने डाव इतके खोल तपासले की वाचणाऱ्यांची खेळाकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. त्यापूर्वी टिपा म्हणजे बहुधा ‘सुंदर’, ‘धाडसी’ असे उद्गार असत. स्टाइनिट्झ विचारायचा की या हल्ल्याला आधार होता का, आणि समोरच्याने नीट बचाव केला असता तर काय झाले असते. मग न्यूरेम्बर्गचे डॉक्टर टॅराश आले. स्वतःच्या तीनशे डावांचे त्यांचे पुस्तक १८९५ मध्ये निघाले आणि एका पिढीने त्यातून खेळ शिकला. टॅराश हाडाचे शिक्षक होते, नियम स्पष्ट सांगत. त्या स्पष्टपणाचा अतिरेक झाला तेव्हा निम्झोविचने १९२५ मध्ये ‘माझी पद्धत’ लिहून त्यातले कित्येक नियम उलटे करून दाखवले. मध्यभाग प्याद्यांनीच व्यापला पाहिजे असे नाही, दुरून मोहऱ्यांच्या दाबानेही तो ताब्यात ठेवता येतो, हा विचार आज आपण निम्झो-इंडियन खेळताना सहज गृहीत धरतो. तो रुजला तो सूत्रे सांगून नव्हे. सूत्रामागे डाव उभा होता म्हणून.

पण या सगळ्या परंपरेतले माझे सर्वांत आवडते पुस्तक १९५३ च्या झुरिक कँडिडेट्स स्पर्धेवरचे, डेव्हिड ब्रॉन्स्टीनचे. पंधरा खेळाडू, २१० डाव, आणि ब्रॉन्स्टीन स्वतः त्या स्पर्धेत खेळलेला. त्याने सर्वच्या सर्व डाव घेतले, म्हणजे नीरस बरोबऱ्याही आणि स्वतःचे पराभवही. चालींच्या जंजाळाऐवजी त्याने गद्य लिहिले. किंग्ज इंडियनमध्ये काळा डी ६ वरचे अशक्त प्यादे का पत्करतो, पांढरे मोहरे त्या प्याद्याकडे वळले की राजाच्या बाजूला काळ्याला कशी मोकळीक मिळते, हे त्याने गोष्ट सांगावी तसे उलगडले. तो स्वतः ही पद्धत जीव ओतून खेळणारा होता. जगभरच्या खेळाडूंनी हा बचाव या पुस्तकातून शिकला, तो चालींची यादी म्हणून नव्हे तर एक वृत्ती म्हणून. गंमत अशी की लेखकाच्या मनात ते ओपनिंगचे पुस्तक नव्हतेच. डावाच्या मध्यावरचे होते.

आता एक डाव जवळून पाहू, कारण या विषयात डाव न मांडता बोलणे पोकळ ठरते. मॉस्को, १९५२, सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धा. पांढऱ्याकडून बॉटविनिक, काळ्याकडून पॉल केरेस. ओपनिंग क्वीन्स गॅम्बिट, अदलाबदल पद्धती : चौथ्या चालीला पांढरा सी प्याद्याने डी ५ वरचे प्यादे मारतो, काळा ई प्याद्याने परत मारतो. या एका अदलाबदलीतून प्याद्यांची जी रचना तयार होते तिला जगभर कार्ल्सबाड रचना म्हणतात. वजिराच्या बाजूला पांढऱ्याकडे दोन प्यादी, काळ्याकडे तीन. पांढऱ्याची ठरलेली योजना म्हणजे बी प्यादे बी ४, बी ५ असे रेटत न्यायचे आणि काळ्याच्या सी ६ वर घाव घालायचा. दोघांनी तिघांवर चाल करून जाणारा हा ‘मायनॉरिटी अटॅक’. मारामारी झाली की काळ्याकडे एक अशक्त प्यादे उरते आणि पांढरा पुढच्या तीस-चाळीस चाली त्यालाच कुरतडत बसतो.

बॉटविनिकची नववी चाल आहे घोडा ई २. नवशिक्याला ती खटकते, कारण ‘घोडा एफ ३ वर काढावा’ हे त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलेले असते. चालींची यादी पाठ करणारा ही चाल लक्षात ठेवतो आणि पुढे जातो. शिकवणारा इथे थांबतो आणि विचारतो, घोडा ई २ वर ठेवल्याने कोणते प्यादे मोकळे राहिले? एफ प्यादे. ते मोकळे आहे म्हणजे उद्या एफ ३ आणि मग ई ४ शक्य आहे. म्हणजे नवव्या चालीलाच पांढऱ्याने एक दार उघडे ठेवले, आणि त्यातून जायचे की नाही हे अजून ठरवलेले नाही.

अकराव्या चालीला तो हत्ती ए १ वरून बी १ वर आणतो. ही बी ४ ची, म्हणजे ठरलेल्या योजनेची तयारी. केरेस उत्तरादाखल उंट डी ६ वर नेतो. त्यात एक धमकी दडलेली आहे : उंटाने एच २ वरचे प्यादे मारून शह द्यायचा, राजाने उंट मारला की घोड्याने जी ४ वरून पुन्हा शह, आणि घोडा हलल्यामुळे मोकळ्या झालेल्या वाटेने काळा वजीर जी ५ वरचा पांढरा उंट गट्ट करतो. मोहरे फिटंफाट, वर एक प्यादे फुकट. बॉटविनिक राजा एच १ वर सरकवतो. वरवर पाहता हा निव्वळ बचाव. पण उंट ई ७ वरून हलल्याने पटावरची स्थिती बदललेली त्याने हेरली आहे, आणि तिथून पुढे तो योजनाच बदलतो. तेराव्या चालीला एफ ३. केरेसचा उंट निमूटपणे ई ७ वर परततो, म्हणजे दोन चाली वाया. चौदाव्या चालीला बी १ वर आणलेला हत्ती ई १ वर! तीन चालींपूर्वी वजिराच्या बाजूच्या हल्ल्यासाठी नेलेला हत्ती मध्यभागी परत आणायला जगज्जेत्याला काही वाटत नाही. विसाव्या चालीला ई ४, बाविसाव्याला ई ५, चोविसाव्याला घोडा डी ६ वर ठाण मांडतो, आणि सदतिसाव्या चालीला काळा शरण जातो.

या डावाचा खरा धडा अकराव्या आणि चौदाव्या चालीच्या मध्ये आहे. योजना प्याद्यांच्या रचनेतून येते, पण ती राबवायची की सोडायची हे समोरच्याच्या शेवटच्या चालीवर ठरते. हे कुठल्याही ओपनिंग-कोशात सापडत नाही, कारण कोश अकराव्या चालीपाशी ‘पांढरा किंचित वरचढ’ असे चिन्ह देऊन थांबतो. इंजिन चौदाव्या चालीला आकडा दाखवते, आणि बी १ वरून ई १ वर जाणारा हत्ती त्या आकड्यात फारसा हलतही नसेल. डावाचे वळण मात्र तिथेच आहे, आणि ते बोट ठेवून दाखवायला माणूस लागतो.

कोशांचा उल्लेख आलाच आहे तर तिथेही न्याय करायला हवा. १९६६ पासून बेलग्रेडहून ‘इन्फॉर्मंट’ निघू लागला आणि टिपांची भाषाच बदलली. शब्द गेले, चिन्हे आली. जपानपासून अर्जेंटिनापर्यंत कुणालाही कळावे यासाठी ‘पांढरा वरचढ’, ‘चूक’, ‘एकमेव चाल’ यांना खुणा ठरल्या. ओपनिंगना ए ०० ते ई ९९ असे पाचशे क्रमांक मिळाले. व्यावसायिक खेळाडूंची त्याने फार मोठी सोय केली. केरेस आणि बॉटविनिक यांच्या पातळीच्या माणसाला खूण पुरते, कारण त्यामागचे स्पष्टीकरण त्याच्या डोक्यात आधीच असते. शिकणाऱ्याच्या डोक्यात ते नसते. १९८७ मध्ये चेसबेस आला, लाखो डाव एका कळीवर आले, आणि मग इंजिने. प्रत्येक टप्प्यावर माहिती वाढली आणि प्रत्येक टप्प्यावर ‘का’ थोडा मागे पडला.

यंत्रयुगातली सर्वांत बोलकी घटना मात्र उलट्या दिशेने साक्ष देते. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरोने स्टॉकफिशशी शंभर डाव खेळले, २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. त्याला कुणी ओपनिंग शिकवलेली नव्हती. स्वतःशीच खेळून तो शिकला होता. राजाच्या बाजूचे एच प्यादे थेट शत्रूच्या राजापर्यंत रेटत नेण्याची त्याची रीत पाहून ग्रँडमास्टर अवाक झाले. पण ती रीत इतर खेळाडूंपर्यंत पोहोचली कशी? मॅथ्यू सॅडलर आणि नताशा रेगन या दोन माणसांनी त्या डावांवर पुस्तक लिहिले, २०१९ मध्ये. यंत्राने खेळलेले डावसुद्धा माणसाने शब्दांत उलगडल्यावरच शिकवणीच्या कामाचे झाले. माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

मानसशास्त्रज्ञांनीही या प्रश्नाकडे बारकाईने पाहिले आहे. डच खेळाडू आणि मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी १९४० च्या दशकात दाखवले की बलवान खेळाडू दुबळ्यापेक्षा फार खोल मोजतोच असे नाही. तो योग्य चालींकडे आधी पाहतो. १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी ते पुढे नेले. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर मास्टर ती जवळपास जशीच्या तशी पुन्हा मांडतो. मोहरी कशीही विखुरलेली असली तर त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी होते. मास्टरच्या डोक्यात सुटी मोहरी नसतात, अर्थ असलेले समूह असतात, आणि ते भरतात खऱ्या डावांतून. नील चार्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात खेळाडूच्या ताकदीशी सर्वांत घट्ट नाते आढळले ते एकट्याने केलेल्या गंभीर अभ्यासाचे. खेळलेल्या स्पर्धांचे नाते त्यापेक्षा सैल. मात्र तासांचे गणित मांडून हुरळून जाऊ नये. अर्जेंटिनातल्या खेळाडूंवर गोबे आणि कॅम्पिटेली यांनी केलेल्या अभ्यासात मास्टर व्हायला कुणाला सुमारे ३,००० तास लागले, कुणाला २३,००० हून जास्त.

ओपनिंगपुरता एक निष्कर्ष पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे यांनी फ्रेंच बचाव आणि सिसिलियन नायडॉर्फ खेळणारे जाणकार निवडले आणि प्रत्येकाला स्वतःच्या व परक्या ओपनिंगमधल्या मध्य-डावाच्या स्थिती दिल्या. स्वतःच्या घरच्या स्थितीत खेळाडू जितका बलवान दिसला, त्यापेक्षा परक्या स्थितीत तो सुमारे २०० रेटिंग गुणांनी उतरला. म्हणजे ओपनिंगचे ज्ञान पहिल्या दहा चालींवर संपत नाही; ते पुढच्या विचाराची ताकदच ठरवते. म्हणून चार ओपनिंग वरवर शिकण्यापेक्षा एका रचनेचे चाळीस डाव तपासणे केव्हाही चांगले. याच संशोधकांनी दुसरी बाजूही दाखवली. ओळखीची मात दिसली की खेळाडू तिथेच अडकतो, दुसरी अधिक जवळची मात समोर असूनही त्याची नजर पुन्हा पुन्हा ओळखीच्या घरांकडे वळते. शिकलेले डाव डोळे उघडतात तसे झापडही लावतात.

विश्लेषित डाव न वाचताही मोठे होता येते, या आक्षेपाचे सर्वांत मोठे मानवी उदाहरण म्हणजे मीर सुलतान खान. पंजाबातून इंग्लंडला गेलेला हा माणूस भारतीय पद्धतीच्या खेळात वाढला होता. युरोपीय ओपनिंगचा साठा त्याच्याकडे नव्हता, आणि तरी १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये तो ब्रिटिश विजेता झाला. हेस्टिंग्जला त्याने कापाब्लांकालाही हरवले. मग डाव वाचून शिकण्याची गरज काय? सुलतान खानचे डाव पाहिले की उत्तर त्यातच मिळते. सुरुवातीला तो वारंवार अडचणीत येई आणि मध्य-डावातल्या विलक्षण समजेने व अखेरीच्या चिकाटीने बाहेर पडे. अशी समज जन्मजात असलेला माणूस शतकात एखादा. इतरांना ती उसनी घ्यावी लागते, आणि उसनी घेण्याची जागा म्हणजे दुसऱ्याचा उलगडलेला डाव.

तरी टिपा लिहिणाऱ्यावर आंधळा विश्वास नको. टिपांमधला सर्वांत मोठा रोग निकाल पाहून लिहिण्याचा. जिंकणाऱ्याची प्रत्येक चाल दूरदृष्टीची ठरते, हरणाऱ्याची प्रत्येक चाल चुकीची. अर्व्हिंग चेर्नेव्हच्या १९५७ च्या प्रसिद्ध पुस्तकात ३३ डावांतली प्रत्येक चाल समजावली आहे, अगदी पहिली ई ४ सुद्धा प्रत्येक डावात पुन्हा. नवशिक्यासाठी आजही मी तेच हातात देईन. पण राजासमोरचे प्यादे हलवले म्हणून डाव गेला, असे त्यात इतक्या ठामपणे येते की मूल एच ३ खेळायलाच घाबरते. अशा वेळी शिक्षकाने बाजूला बसून सांगावे लागते की हे कारण या डावापुरते आहे.

दुसरा रोग उघड चुकांचा, आणि त्याचे औषध बॉटविनिकने दिले. तो सांगायचा की आपले विश्लेषण छापा, म्हणजे लोक त्यातल्या चुका काढतील. १९६२ च्या वार्ना ऑलिम्पियाडमध्ये तो फिशरविरुद्ध हरण्याच्या बेतात होता, तहकूब डाव रात्रभर तपासून त्याने बरोबरी मिळवली. फिशरने आपल्या साठ डावांच्या पुस्तकात हाही डाव घेतला, जिंकता आला असता असे दाखवले. बॉटविनिकला ते पटले नाही. वाद वर्षानुवर्षे चालला, आणि बॉटविनिकने ती स्थिती अखेर आपल्या शाळेतल्या मुलांना गृहपाठ म्हणून दिली. बरोबरीचा मार्ग शोधून आणणाऱ्यांत शाळकरी वयाचा गॅरी कास्पारोव्ह होता. दोन जगज्जेत्यांच्या टिपा समोर ठेवून एका मुलाला ‘तपास’ म्हणून सांगणारा शिक्षक, याहून चांगली शाळा मला सुचत नाही.

मग वाचायचे कसे? माझ्या अनुभवाने एकच शिस्त खरी टिकते. आधी टिपा झाकायच्या. चाली एकेक करून खऱ्या पटावर मांडायच्या, पडद्यावर नव्हे, कारण हाताने मोहरे उचलताना गती आपोआप मंदावते. प्रत्येक वळणावर आपली चाल आणि तिचे कारण एका ओळीत वहीत लिहायचे. डाव संपल्यावरच गुरूच्या टिपा उघडायच्या. चाल जुळली पण कारण वेगळे निघाले, तर तो सर्वांत मोलाचा क्षण. पोरे नेमकी तिथे ‘बरोबर आले’ म्हणून टाळी वाजवतात आणि पुढे पळतात. इंजिन सर्वांत शेवटी, आणि त्यालाही प्रश्न विचारायचा : माझी चाल चुकीची असेल तर तिची शिक्षा दाखव. फक्त आकडा पाहून पट बंद करायचा नाही.

पुस्तकातल्या गुरूपेक्षा समोरचा गुरू एका बाबतीत नक्की सरस असतो. तो तुमचाच डाव घेऊन बसतो. मार्क द्वोरेत्स्की यांनी आपल्या शिष्यांचे डाव हाच अभ्यासक्रम मानला. शिष्याच्या चुकांतून एकच दुखणे वारंवार दिसले, की त्या दुखण्यावरचे जुने डाव ते निवडून देत. बॉटविनिकच्या शाळेतही मुलांनी आपले डाव स्वतः विश्लेषण करून आणायचे आणि सर्वांसमोर मांडायचे, अशी रीत होती. कार्पोव्ह, कास्पारोव्ह, क्रॅमनिक तिघेही त्या शाळेतून गेले. आनंदच्या बालपणातही अशीच एक मजेशीर शाळा होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मनिलात राहताना दूरचित्रवाणीवर बुद्धिबळाचा कार्यक्रम लागायचा, डाव दाखवले जात आणि शेवटी एक कोडे असे. मुलगा शाळेत असताना आई चाली लिहून ठेवी, संध्याकाळी दोघे सोडवत. बक्षीस पुस्तकाचे असे, आणि त्याने इतकी बक्षिसे नेली की आयोजकांनी शेवटी हवी तेवढी पुस्तके घेऊन जा, पण उत्तरे पाठवू नकोस, असे सांगितले.

महाराष्ट्रात या कामाची जमीन तयार आहे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पिढ्या घडवल्या. प्रवीण ठिपसे, अभिजित कुंटे, विदित गुजराथी हे ग्रँडमास्टर महाराष्ट्रातलेच. बुडापेस्टला २०२४ मध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे कर्णधार कुंटे होते, आणि त्याच संघातली नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. पण परभणी किंवा सावंतवाडीच्या मुलाला उलगडलेला डाव बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत भेटतो. ‘योजना का बदलली’ हे परक्या भाषेतल्या घाईच्या चित्रफितीतून समजणे अवघड आहे. आपल्या ग्रँडमास्टरांनी स्वतःचे पन्नास डाव, त्यांतले पंधरा तरी हरलेले, मराठीत सावकाश लिहावेत अशी माझी मनापासून मागणी आहे.

तोवर ज्याला आजच सुरुवात करायची आहे त्याने वरची कार्ल्सबाड रचनाच घ्यावी. पहिला डाव कोटोव्ह विरुद्ध पाखमान, व्हेनिस १९५० : इथे मायनॉरिटी अटॅक ठरल्याप्रमाणे यशस्वी होतो, काळ्याचे सी ६ वरचे प्यादे अशक्त होते आणि डाव त्यावरच जातो. दुसरा बोबोत्सोव्ह विरुद्ध पेट्रोस्यान, लुगानो १९६८ : तोच हल्ला, पण काळा स्वतः बी ५ खेळून वाट अडवतो, घोडा सी ४ वर रोवतो आणि जिंकतो. पहिल्या डावावरून तयार झालेला नियम इथे मोडतो, म्हणून हा क्रम बदलू नये. तिसरा बॉटविनिक विरुद्ध केरेस. चौथा कास्पारोव्ह विरुद्ध अँडरसन, बेलफोर्ट १९८८, जिथे पांढरा हत्ती बी १ वर नेण्याचा फेरा न घेता अकराव्या चालीलाच एफ ३ खेळतो. केरेसच्या डावावरच्या आपल्या टिपा शेजारी ठेवून हा डाव मांडला, तर छत्तीस वर्षांत त्या एका कल्पनेला किती धार आली ते विद्यार्थ्याला स्वतःच्याच वहीत दिसेल.